कढई उतरेपर्यंत

चाळीस वर्षांत तोजी आपाची कढई एकदाही बुडाला लागली नव्हती. उझबेकिस्तानातल्या कुव्याच्या डाळिंबवाल्या गल्लीत ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती, आणि कुणी विसरलंच तर आपा स्वतः आठवण करून द्यायची. ती गल्लीची कैवोनी. लग्न असो, सुंता असो की मयत, तांदूळ किती भिजवायचा, मेंढा कुणाकडून आणायचा, कोणत्या बाईला कोणाशेजारी बसवायचं नाही, हे तिच्या तोंडून निघाल्याशिवाय गल्लीत पान हलत नसे. पाठीमागे बाया तिला नावं ठेवत. समोर आल्या की मुकाट कांदे चिरायला बसत.

पण लग्नं आणि मयतं कुणीही निभावून नेईल. कैवोनीची खरी परीक्षा नवरोझला, वसंतातल्या नव्या वर्षाला, गल्लीने मिळून आटवायच्या गोड सुमालकला. सामान म्हणाल तर मोड आलेल्या गव्हाचा चीक, पीठ आणि तेल. ना साखर, ना मीठ. दुपारी चूल पेटवायची, दुसऱ्या दिवशी पहाटे कढई उतरवायची आणि मधल्या सोळा-सतरा तासांत चाटू क्षणभरही थांबू द्यायचा नाही. चाटू थांबला की बूड लागलं, बूड लागलं की सुमालक कडू, आणि सुमालक कडू झालं की गल्लीचं वर्षही कडू. तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या गल्लीत कढईपाशीच दोन जावांची जुंपली आणि चाटू तसाच राहिला. एप्रिलात गारा पडल्या, त्या गल्लीची सगळी जर्दाळू मातीत गेली. गारा या गल्लीतही पडल्या होत्या, पण ते आपा सांगत नसे.

यंदाचा गहू मुनीसाच्या घरी मोडाला घातला होता. सुमालकचा गहू कुणाच्याही घरी ठेवत नाहीत. घर स्वच्छ लागतं, वर्षभरात तिथे मयत झालेली चालत नाही आणि मोड सांभाळणाऱ्या बाईच्या मनात किल्मिष नसावं लागतं. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, ओलं फडकं घालायचं आणि पांढऱ्या मोडांवर हिरवी झाक यायच्या आत उचलायचं. सात दिवस मुनीसा त्या गव्हाजवळून हलली नाही. मोड इतके शुभ्र निघाले की आपालाही खोड काढायला जागा सापडली नाही.

मुनीसा घरात एकटीच असायची. सासरा फार पूर्वी गेला, सासू तीन वर्षांपूर्वी, आणि नवरा ओदिल वर्षातले नऊ महिने रशियात, तुमेनला, बांधकामावर. सासूने जाताना आपाचा हात धरून सांगितलं होतं, “पोरीकडे बघ.” आपा बघत होती. म्हणजे दर दोन दिवसांनी जाऊन नानमध्ये मीठ जास्त झालंय, अंगणातले कोपरे झाडलेले नाहीत, असं सुनावून येत होती. मुनीसा ऐकून घ्यायची आणि चहा ओतायची. आपाला स्वतःची दोन मुलं होती, दोघंही ताश्कंदला. त्यांच्यापेक्षा या मुलीवर आपला जीव जास्त आहे, हे तिने कुणाला कळू दिलं नव्हतं.

फेब्रुवारीत एके सकाळी मुनीसाने तिच्या कानाशी लागून सांगितलं, दिवस राहिलेत. ही तिसरी वेळ. आधीच्या दोन्ही वेळी बातमी आठवड्यात गल्लीभर झाली होती, ओदिलने तिकडे साऱ्या टोळीला पुलाव खाऊ घातला होता, आणि दोन्ही वेळा तिसरा महिना सरायच्या आत सगळं संपलं होतं. आपाने तिच्या तोंडावर हातच ठेवला.

“कुणाजवळ ब्र काढू नकोस. नजर लागते.”

“ह्यांना तरी सांगू?”

“त्याला तर मुळीच नको. त्याच्या पोटात काही राहत नाही. तुमेनला कळलं की संध्याकाळी कुव्याच्या बाजारात कळतं.” मग जरा मऊ होऊन आपा म्हणाली, “नवरोझपर्यंत दम धर. यंदाचा गहू तू मोडाला घाल. तुझ्या हातचा चीक, कढईतले खडे तुझ्या हातचे. पहाटे कढई उतरली की पहिली वाटी तुला देते. ती खा आणि मग खुशाल फोन लाव. मग कुणाची नजर लागते ते मी बघते.”

रोज रात्री ओदिलचा फोन यायचा, काय खाल्लंस, जर्दाळू फुलली का, आवाज असा का येतोय, आणि मुनीसा जीभ चावून म्हणायची, काही नाही, झोप आलीय. दीड महिना तिने असा काढला. आपाने सांगितलं म्हणून.

वीस मार्चला दुपारी आपाच्या अंगणात चूल पेटली. जर्दाळू भरून फुलली होती, तुतीच्या झाडाखाली चाळीस-पन्नास बाया जमल्या होत्या. कढईशी यायच्या आधी प्रत्येकीला आपला फोन चाळणीत टाकावा लागला. हा आपाचा यंदाचा नवा नियम. गेल्या वर्षी पोरींनी बायकांच्या नाचाचे व्हिडिओ काढून टेलिग्रामवर टाकले आणि एकीच्या सासरी त्यावरून महिनाभर धुसफूस झाली. “सोळा तास फोन नसला तर कुणी मरत नाही,” आपा म्हणाली आणि चाळणी आतल्या खोलीतल्या फडताळात ठेवून किल्ली कमरेला खोचली.

मग खडे. अक्रोडाएवढे गुळगुळीत खडे धुऊन कढईत टाकायचे. ते चाटूबरोबर फिरत राहतात आणि बूड धरू देत नाहीत. टाकताना मनात जे मागायचं ते मागायचं. मुकद्दस नावाची एक जाडजूड, तोंडाळ शेजारीण होती, तिने खडा टाकत मोठ्याने मागितलं, “या वर्षी सासूची वाचा जाऊ दे.” सगळ्या फिदीफिदी हसल्या, तिची सासूही हसली. मुनीसाने सात खडे टाकले. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. तिने काय मागितलं ते एकट्या आपाला माहीत होतं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला फाटकाशी नेमत उभा दिसला. तो मोहल्ल्याचा म्होरक्या, पन्नाशीचा, सरकारी कागद आणि भांडणं मिटवणारा माणूस. सुमालकच्या अंगणात पुरुष पाऊल टाकत नाहीत, म्हणून त्याने बाहेरूनच खूण केली. आपाने चाटू मुकद्दसच्या हाती दिला आणि ओढणीला हात पुसत गेली.

“ओदिल पडला,” नेमत म्हणाला. “चौथ्या मजल्यावरून. परांची सुटली.”

“आहे ना?”

“आहे. दवाखान्यात आहे. रावशनने फोन केला होता, त्याचा चुलतभाऊ. दोघं एकाच टोळीत आहेत. कणा मोडलाय म्हणतो, आतून रक्त जातंय. डॉक्टर कापायला हात लावत नाहीत.” नेमतने टोपी काढून पुन्हा घातली. “शुद्धीत आहे पण. बोलतोय. सारखं एकच लावलंय, घरी फोन लाव. मुनीसा उचलत नाही म्हणून रावशनने मला लावला. तिला बाहेर पाठवता का? माझ्या फोनवरून बोलेल.”

ओदिलला आपाने दुपट्यात गुंडाळलेला पाहिला होता. त्याच्या सुंतेचा पुलाव तिनेच केला होता, लग्नाचाही. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे ओदिल आला नाही. कढई आली. मुनीसा हा फोन घेईल, किंकाळी फोडेल, पन्नास बाया तिच्याभोवती गोळा होतील, आणि चीक नुकता दाटायला लागलेला, हीच बूड धरायची वेळ. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. गल्लीचं सुमालक, तेही मयतीच्या रडण्यात जळलेलं. हे सगळं एका श्वासात तिच्या मनात येऊन गेलं.

पोटातलं पोर आठवलं ते त्यानंतर. आठवलं तेव्हा तिला हायसं वाटलं, कारण आता कारण सापडलं होतं.

“वाचेल का?” तिने विचारलं.

“अल्ला जाणे.”

“तरणाताठा आहे. तिकडचे दवाखाने चांगले असतात. रात्रभर औषधपाणी होईल, सकाळी चार शब्द धड बोलेल. आत्ता तो कण्हत असणार. ते तिला ऐकवायचं?”

“आपा, तो वाट बघतोय.”

“बायकांच्या गोष्टी आहेत, नेमतजोन. तिला आत्ता धक्का सोसायचा नाही. यापुढे विचारू नकोस.” आपाने मागे वळून पाहिलं. चुलीपाशी कुणीतरी डफ हातात घेतला होता. “कढई उतरू दे. उतरली की मी स्वतः तिला तुझ्याकडे आणते.”

नेमतने मान खाली घातली. त्याचं मन मानत नव्हतं, पण निर्णय दुसऱ्याने घेतला म्हणून तो सुटल्यासारखाही झाला होता. असल्या बातम्या पोचवायचं काम त्यालाच लागायचं, आणि गेल्या चार वर्षांत रशियातून अशा तीन आल्या होत्या.

“रावशनला काय सांगू?”

“सांग, सकाळी ती लावेल म्हणून.”

तो गेला. ओदिलला काय बोलायचं होतं, हे आपाने विचारलं नाही. नेमतला माहीत होतं की नाही कोण जाणे, पण तिला विचारायचं सुचलंही नाही.

अंधार पडला तशी बायकांना उमेद चढली. नाच झाले, गाणी झाली, हिरव्या पाल्याचे समोसे तंदुरातून निघाले तसे संपले. पाळीपाळीने दोघी-दोघी चाटू धरत होत्या. कढईतला रंग दुधाळ होता तो मातकट झाला, मातकटाचा तांबूस. नऊच्या पुढे मुनीसाची पाळी आली. विस्तवाच्या झळीने तिचं तोंड लाल झालं होतं, केसांवर राख उडाली होती, आणि तिला इतकी हसरी आपाने गेल्या तीन वर्षांत पाहिली नव्हती.

“आपा,” ती कानाशी येऊन म्हणाली, “मला आता राहवत नाही. रंग तर धरला. आता काय व्हायचं राहिलंय? एक मिनिट फोन द्या. ह्यांना सांगते आणि लगेच परत येते.”

आपाचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. तो तिथेच राहिला. द्यावी किल्ली, होऊ दे काय व्हायचं ते, असं तिला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. समोरच्या बाया बघत होत्या. कढईतून जाड बुडबुडा फुटला आणि मुकद्दस ओरडली, “अगं, हलव की. प्रेमाच्या गोष्टी नंतर.”

“सकाळपर्यंत थांब,” आपा म्हणाली. “इतके दिवस थांबलीस.”

“आज दिवसभर फोन नाही म्हणून काळजी करत असतील.”

“करू दे. नवऱ्याच्या जिवाला थोडा घोर असलेला बरा असतो.”

बाया खळखळून हसल्या. मुनीसाही हसली आणि चाटू धरून पुन्हा गोल फिरू लागली. आपल्या बोलण्याला बाया हसल्या की आपाला एरवी बरं वाटायचं. या वेळी तोंडात माती गेल्यासारखं झालं.

दहा वाजता ती तेल आणायला आतल्या खोलीत गेली. फडताळ घुमत होतं. पन्नास फोनांच्या ढिगात एक फोन थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. कुणाचा ते ओळखायला फडताळ उघडायची गरज नव्हती. आपा तेलाचा डबा हातात घेऊन उभी राहिली. चावी कमरेला, कुलूप हातभरावर. “सकाळी,” ती फडताळाला म्हणाली, माणसाला म्हणावं तशी. “सकाळी देते म्हटलं ना.” मग कोपऱ्यातली जाड रजई उचलून तिने फडताळाच्या दारावर टाकली आणि आवाज ऐकू येईनासा झाला.

ती परत चुलीशी आली आणि उरलेली रात्र तिने कुणाला चाटू दिला नाही. “जा, पडा जरा,” म्हणत एकेकीला आत धाडलं. अडुसष्टाव्या वर्षी सलग सात तास तिने एकटीने कढई ढवळली. खांदे भरून आले, तळहाताला फोड आले. बाया कौतुकाने म्हणाल्या, आपाचा अजून दम बघा. आपाला कौतुक नको होतं. हात थांबले की डोक्यात ते घुमणं सुरू व्हायचं, म्हणून ती थांबत नव्हती.

उजाडायच्या जरा आधी नेमत फाटकाशी आला. या वेळी त्याने खूण केली नाही, नुसता उभा राहिला. आपाने जवळच्या पोरीला चाटू दिला आणि गेली.

“दोन वाजता,” तो म्हणाला. “शेवटपर्यंत शुद्धीत होता.”

आपाच्या तोंडून जे निघालं ते तिला जन्मभर पुरणार होतं. ती म्हणाली, “कढई उतरायला अजून अर्धा तास आहे.”

तीस वर्षं नेमत या बाईच्या शब्दाबाहेर नव्हता. “मी लोकांना उठवतो,” एवढंच म्हणून तो वळला. थोड्या अंतरावरून मान न वळवता म्हणाला, “पहाटे कळलं असंच सांगू, आपा. तुम्हाला आणि मला.”

आग ओढली, कढईवर स्वच्छ चादर घातली, वर झाकण ठेवलं. दोन तास ती तशीच मुरू दिली. सूर्य जर्दाळूच्या फांद्यांवर आला तेव्हा बाया वाट्या घेऊन गोल बसल्या, आपाने हात पसरून दुवा मागितली आणि झाकण काढलं. काकवीच्या रंगाचं, चकचकीत, कुठे गुठळी नाही की करपल्याचा वास नाही. चाळीस वर्षांत असं सुमालक झालं नव्हतं, म्हाताऱ्या बायाही तेच म्हणाल्या. साखरेचा कण नसताना गोडीने जीभ चिकटत होती.

पहिली वाटी मुनीसाला. तिने उभ्या उभ्या, बोटाने निपटून खाल्ली आणि हात पुढे केला. आता आपाजवळ काही कारण उरलं नव्हतं. तिने तिथेच सांगायला हवं होतं. त्याऐवजी तिने कमरेची किल्ली काढून दिली.

मुनीसा धावत आत गेली, फोन घेऊन धावतच बाहेर आली. “बघा आपा, सव्वीस वेळा,” ती म्हणाली. “ह्यांनाच धीर निघत नव्हता.” तुतीच्या झाडाआड जाऊन तिने ओढणीने तोंड अर्धं झाकलं आणि नंबर लावला. आपा कढईशी उभी होती. पंधरा पावलांचं अंतर, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“अहो, आधी काही बोलू नका. रागावू नका. मी सांगते ते ऐका. आपल्याला होणार आहे. तिसरा संपत आलाय, या वेळी सगळं नीट आहे. मीच सांगितलं नव्हतं, नजर लागेल म्हणून. ऐकलंत का? अहो?”

मग ती थांबली. कान देऊन ऐकू लागली. “रावशन?” ती म्हणाली. “तू का रडतोस?”

गल्लीच्या टोकाकडून पुरुष येत होते, सगळ्यांच्या कमरेला फडकी बांधलेली. मयताच्या घरचे बांधतात तशी. बायकांनी ती पाहिली आणि एकेक वाटी खाली ठेवली गेली.

शवपेटी चौथ्या दिवशी आली. सोबत रावशन. बर्फाने आणि सिमेंटने फाटलेले हात. पाचव्या दिवशी संध्याकाळी आपा मुनीसाकडे मयताचं जेवण घेऊन गेली. त्या घरात चूल पेटवायची नसते, म्हणून रोजचा डेग आपाच शिजवून पाठवत होती. बाया उठून बाहेर गेल्या होत्या. मुनीसा सुतकाच्या निळ्या कपड्यांत भिंतीला टेकून बसली होती. पोटातलं अजून होतं. सुईणीने सकाळीच बघितलं होतं, म्हणाली होती, धरून आहे. आपाने त्यासाठी अल्लाचे आभार मानले होते आणि मानताना तिला स्वतःची लाज वाटली होती.

“रावशन म्हणतो, त्याने नेमत अकांना संध्याकाळी पाचला फोन केला होता,” मुनीसा म्हणाली. तिचा आवाज साधा होता, बाजारातला भाव विचारावा तसा. “नेमत अका म्हणतात, पहाटे कळलं. तुम्हाला कधी कळलं?”

पहाटे, एवढा एक शब्द पुरला असता. सगळी गल्ली तोच शब्द बोलत होती.

“पाचला,” आपा म्हणाली.

“म्हणजे मी चुलीपाशी फोन मागितला तेव्हा?”

“तेव्हा माहीत होतं.”

मुनीसाने गालिच्यावरच्या नक्षीवरून बोट फिरवलं. “पोटातल्यासाठी थांबलात ना?” ती म्हणाली. तिने विचारलं नाही, निमित्त पुढे केलं. पाहुण्याला टेकायला लोड द्यावा तसं. आपाने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मग दोघींनाही त्याच्यावर टेकून पुढची वर्षं काढता आली असती.

“नाही,” आपा म्हणाली. “ते नंतर आठवलं. आधी कढई आठवली.”

बाहेर कुणीतरी आपाला हाक मारत होतं, उद्याला तांदूळ किती भिजवायचा ते विचारायला. आपा उठली नाही. मुनीसा रडेल, शिव्या देईल, निघा म्हणेल, यातलं काहीही तिला चाललं असतं. मुनीसाने यातलं काही केलं नाही.

“रावशन ह्यांना म्हणाला होता, दादा, निरोप बोलून ठेव, वहिनी नंतर ऐकेल,” ती म्हणाली. “हे म्हणाले, नको, ती उचलेल. नऊ तास म्हणत होते, ती उचलेल.”

आपाने तोंडावर ओढणी घेतली.

“मला एक मिनिट पुरलं असतं, आपा. मुलगा की मुलगी, ते थोडंच सांगायचं होतं? नुसतं, आहे. एवढंच.”